१४ फेब्रुवारीसाठी घरच्या पेरूची वडी, जिलेटिनशिवाय



मागच्या आठवड्यात आपल्या एका तरुण सभासदाने विचारलं, "सर, साखरपुडा झालाय. १४ फेब्रुवारीला तिकडे काहीतरी गोड पाठवायचंय. पण त्यांचं घर माळकरी. बाजारातल्या जेलीच्या पाकिटावर जिलेटिन लिहिलंय. चालेल का?"

नाही चालणार. जिलेटिन जनावरांच्या हाडं-कातड्यापासून करतात. पण त्याच्या बागेत मृग बहाराचा शेवटचा माल आहे, आणि पेरूला जिलेटिनची गरजच नाही. पेरूत पेक्टिन भरपूर असतं. त्याला साखर आणि आंबटपणा मिळाला की गर आपोआप घट्ट धरतो. गोव्यात नाताळला हीच वडी 'पेराद' नावाने करतात.

*फळ कसं घ्यावं*
▪️ आकाराने लहान म्हणून प्रतवारीत मागे राहिलेले पेरू चालतात.
▪️ तीन भाग पिकलेले, एक भाग गद्दर. पिकलेल्याने वास येतो, गद्दरमध्ये पेक्टिन जास्त. फार पिकलेलं फळ घेतलं तर वडी धरत नाही.
▪️ फवारणी झाली असेल तर लेबलवरचा प्रतीक्षा कालावधी संपल्याशिवाय फळ तोडू नका.
▪️ प्रत्येक फळ कापून बघा. फळमाशीची अळी दिसली तर ते बाजूला काढा.

*साहित्य*
पेरू दीड किलो (गर १ किलो लागेल), साखर ७५० ग्रॅम, २ लिंबांचा रस, साजूक तूप २ चमचे, चिमूटभर मीठ. लाल गराचा पेरू असेल तर रंग छान येतो. पांढरा असेल तर बिटाचा रस २ चमचे घाला.

*कृती*
१) पेरू धुवून, देठ-बूड काढून फोडी करा. कुकरमध्ये १ कप पाणी घालून २ शिट्ट्या.
२) गर बारीक जाळीच्या चाळणीतून घासून काढा. मिक्सर लावू नका, बिया भरडल्या की वडी खाताना कचकच लागते.
३) जाड बुडाची स्टीलची कढई घ्या, ॲल्युमिनियमची नको. रिकाम्या कढईचं वजन लिहून ठेवा.
४) १ किलो गर आणि साखर मध्यम आचेवर सतत हलवा. ३०-४० मिनिटं लागतात. घट्ट होताना गर उडतो आणि चटका जोरात बसतो. लांब दांड्याचा उलथना वापरा, मुलांना लांब ठेवा.
५) कडा सोडू लागला की तूप, मीठ, लिंबाचा रस घाला.

*झालं हे कसं ओळखायचं?*
सगळे इथेच चुकतात. माझी पहिली खेप लवकर उतरवली, तर वडीचा जाम झाला, कागदाला चिकटून बसला. तेव्हापासून मी वजन करतो. सुरुवातीला गर-साखर मिळून पावणेदोन किलो असतं. कढईचं वजन वजा करून साधारण १ किलो १०० ग्रॅम राहिलं की गॅस बंद. काटा नसेल तर थेंबभर गर गार पाण्यात टाका, बोटांत मऊ गोळी झाली पाहिजे.

६) तूप लावलेल्या ताटात अर्धा इंच जाड थापा. रात्रभर ठेवा. सकाळी बदामी साच्याने कापा. साचा नसेल तर शंकरपाळ्यासारखी कापा, चव तीच.
७) जाळीच्या कपड्याखाली सावलीत एक दिवस सुकवा, मग साखरेत घोळवा. उरलेल्या कडांचे लाडू वळा.

म्हणजे १४ तारखेला द्यायची तर ११ ला सुरुवात करा. हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवली की १५ दिवस टिकते. साखर कमी करू नका. धरणं आणि टिकणं दोन्ही साखरेवर आहे.

घरी करून द्यायला काही अडचण नाही. विकायची असेल तर आधी एफएसएसएआय नोंदणी लागते, त्यासाठी कंपनीच्या कार्यालयात या.

आणि त्या सभासदासाठी: डब्यावर चिठ्ठी लावा, "आपल्या बागेतला पेरू, जिलेटिन नाही." म्हणजे घरातले आजी-आजोबाही निर्धास्त खातील.

वडी जमली तर फोटो पाठवा. नाही जमली तरी पाठवा, काय चुकलं ते बघू.

आपला,
कृषी सल्लागार