प्रोसेसरच्या रजिस्टरमधले तापमान

मे महिन्यात जळगावला दुपारी पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो, हे खानदेशातल्या मुलांना सांगायला नको. अशा वेळी संगणकातल्या प्रोसेसरला किती उकडत असेल? ते त्यालाच विचारता येते.

धुळ्याकडच्या एका शाळेतला संगणक सकाळी नीट चाले आणि दुपारी रेंगाळे. यंत्र म्हातारे झाले, आता भंगारात काढावे, असे जवळजवळ ठरले होते. तेथल्या शिक्षकांनी मला विचारले, तेव्हा मी म्हटले, आधी रजिस्टर तपासू.

हे रजिस्टर हजेरीचे नव्हे. प्रोसेसरच्या आत काही बिट साठवणारी छोटी छोटी घरे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. काही बेरीज-वजाबाकीसाठी असतात, तर काहींत प्रोसेसर स्वतःची प्रकृती नोंदवतो. इंटेलच्या कोअर आय मालिकेत १९सी क्रमांकाचे रजिस्टर तापमानाचे आहे. (हे क्रमांक षोडशमान पद्धतीतले आहेत, तीत १० ते १५ साठी ए ते एफ ही अक्षरे वापरतात.)

लिनक्स असलेल्या संगणकावर 'एमएसआर-टूल्स' हा संच बसवा. मग प्रशासकाच्या अधिकाराने आधी 'मॉडप्रोब एमएसआर' आणि नंतर 'आरडीएमएसआर ०एक्स१९सी' ही आज्ञा द्या. अर्थात टंकताना इंग्रजी अक्षरे आणि अंक वापरायचे. त्या शाळेतल्या संगणकाने दुपारी उत्तर दिले : ८८०००००३.

आता हे वाचायचे कसे? उजवीकडचे चार अंक सोडा आणि त्यांच्या डावीकडचे दोन घ्या. येथे ते ०० आहेत. म्हणजे तापमान शून्य अंश? छे! येथेच पुष्कळजण फसतात. आपल्याकडे विहिरीचे पाणी कसे सांगतात? काठापासून इतके हात खाली. हे रजिस्टरही तसेच मोजते. कमाल तापमानाच्या काठापासून आपण किती अंश खाली आहोत, तेवढेच ते सांगते. शून्य म्हणजे पाणी काठाला लागले!

काठ कोठे आहे, ते १ए२ या रजिस्टरात असते. तेथे ६४०००० आले. त्यातले ६४ म्हणजे ६ × १६ + ४ = १००. प्रोसेसर १०० अंशांवर होता. शेवटचा ३ हा अंक द्विमान पद्धतीत ११ होतो. त्यातला उजवीकडचा १ म्हणतो, 'आत्ता तापलो आहे'. त्याच्या डावीकडचा म्हणतो, 'यंत्र सुरू झाल्यापासून कधीतरी तापलो होतो'. हा दुसरा बिट मोठा कामाचा, कारण यंत्र निवले तरी तो आपोआप पुसला जात नाही. इतके तापल्यावर प्रोसेसर जळू नये म्हणून आपली गती स्वतःच कमी करतो. रेंगाळण्याचे कारण हे होते, म्हातारपण नव्हे.

पेटी उघडली, तर पंख्याखालच्या धातूच्या पात्यांत धुळीचा नमदा बसलेला. तो काढला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. तेच काम देऊन त्याच दुपारी वाचन घेतले : ८८२ए००००. २ए म्हणजे २ × १६ + १० = ४२. तेव्हा तापमान १०० − ४२ = ५८ अंश. (तुमच्या यंत्रात उजवीकडचे चार अंक वेगळे येतील, त्यांत इतरही खुणा असतात.)

प्रोसेसरला हे कळते कसे? सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला, की तापमान एका अंशाने वाढताच त्याच्या टोकांमधला विद्युत्दाब सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. तापमान मोजायला हा गुण फार उपयोगी पडतो.

एक प्रयोग करा. सकाळी सहाला आणि दुपारी तीनला, संगणकाला सारखेच काम देऊन, पंख्याची गतीही सारखी ठेवून वाचन घ्या. शेजारी साधा तापमापक ठेवा. खोली १२ अंशांनी तापली, तर रजिस्टरातला आकडा साधारण कितीने उतरेल, ते आधी कागदावर लिहून ठेवा. मात्र रजिस्टरात लिहिणारी 'डब्ल्यूआरएमएसआर' ही आज्ञा वापरू नका. चुकीचा आकडा गेला, तर यंत्र जागच्या जागी थिजते आणि न साठवलेले काम जाते.