जेन एअरचा नकार

शार्लट ब्राँटी हिनें १८४७ सालीं टोपणनांवानें प्रसिद्ध केलेली ‘जेन एअर’ ही कादंबरी वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं अवश्य वाचावी, असें आम्हांस वाटतें. एक पोरकी मुलगी लहानाची मोठी होते, एवढीच तिची हकीकत. परंतु मोठी होतांना तिला वारंवार ‘नाहीं’ म्हणावें लागतें, आणि तें उत्तरोत्तर कठीण होत जातें.

दहा वर्षांची जेन मामीच्या घरीं मार खाते व उलट बोलते. पुढें लोवुडच्या धर्मादाय शाळेंत व्यवस्थापक ब्रॉकलहर्स्ट नम्रतेच्या नांवाखालीं मुलींचे केस कापण्याचा हुकूम सोडतात, तोंच त्यांच्या स्वतःच्या मुली रेशमी पोषाख व कुरळ्या बटा मिरवीत आंत येतात! असल्या दांभिकापुढें मन न वांकविणें फारसें अवघड नव्हे. तेथील मैत्रीण हेलन बर्न्स सर्व मुकाट्यानें सोसते. जेन तिच्यापासून संयम शिकते, पण तिची प्रतिकृति होत नाहीं.

खरी कसोटी निराळीच. सेंट जॉन रिव्हर्स हा तरुण पाळक शीलवान व त्यागी. मिशनरी म्हणून हिंदुस्थानांत जाण्याचा त्याचा निश्चय. तो जेनला जर्मन सोडून हिंदुस्तानी शिकावयास लावतो, आणि एके दिवशीं ‘माझी पत्नी होऊन चल’ म्हणतो. प्रेम नाहीं; कार्यास उपयोगी पडेल म्हणून! बहीण व सहकारी म्हणून येईन, पत्नी म्हणून नाहीं, असें जेन उत्तर देते. हा नकार मला नव्हे, देवाला आहे, असें तो बजावतो.

येथें वाचकानें थांबावें. जेन सेवेला भीत नाहीं. त्या हवेंत आपण फार दिवस जगणार नाहीं, हें जाणूनही ती जाण्यास तयार आहे. कष्ट देईन, मन स्वाधीन करणार नाहीं, एवढेंच तिचें म्हणणें. सेंट जॉनच्या रागाला ती तोंड देते. तो मायेनें बोलूं लागतांच मात्र डळमळते. आमच्या मतें पुस्तकांतील सर्वांत खरा प्रसंग हाच. दुष्टाचें दडपण ओळखूं येतें. भल्या माणसाचें दडपण आपल्याच सदसद्विवेकबुद्धीच्या आवाजांत बोलतें. पालकांनीं व आम्हां शिक्षकांनींही तो वाचावा, कारण आमचें दडपण बहुधा याच जातीचें असतें.

त्या क्षणीं तिच्या प्रियकराची, रॉचेस्टरची, गूढ हांक दुरून ऐकूं येऊन तिची सुटका होते, ही योजना आम्हांस किंचित् उणी वाटते. शेवट मात्र विलक्षण आहे. जेनच्या संसाराची हकीकत सांगून झाल्यावर अखेरचे परिच्छेद येतात ते हिंदुस्थानांत राबून मरणाची वाट पाहणाऱ्या सेंट जॉनविषयीं. त्याचें शेवटचें पत्र वाचतांना तिच्या डोळ्यांस पाणी येतें.