दांडगाईचे भाकीत करता येते का?

मधल्या सुट्टीची घंटा झाली की शाळेच्या एखाद्या कोपऱ्यात एक दृश्य दिसते. एका मुलाचा डबा दुसऱ्याने हिसकावलेला असतो. डबा या हातातून त्या हातात फिरतो, ज्याचा डबा तो मुलगा मध्ये धावत राहतो आणि भोवतीची मुले हसत असतात. काल हेच झाले होते, उद्याही होणार असते. एखादे गुरुजी ते पाहतात, हिसकावणाऱ्याचा कान धरतात आणि म्हणतात, "हा पुढे गुंडच होणार, लिहून ठेवा!"

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मी पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे कोणी भाकीत केले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, "हे कशावरून?" ग्रहणाचे भाकीत सेकंदापर्यंत अचूक करता येते. मुलाचे भाकीत तसे करता येईल का? या प्रश्नावर गेली साठएक वर्षे शास्त्रज्ञांनी चिकाटीने काम केले आहे. त्यांना काय आढळले, ते आज पाहू या.

मोजायचे काय?

कोणतीही गोष्ट मोजण्यापूर्वी तिची व्याख्या करावी लागते. दोन बरोबरीच्या मित्रांत झालेली मारामारी ही दांडगाई नव्हे. या विषयाचे आद्य अभ्यासक डान ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि दोघांचे बळ असमान असते. हे बळ नेहमी दंडातलेच असते असे नाही. वयाचे, संख्येचे किंवा बोलण्यातल्या चलाखीचेही असू शकते. नावे ठेवणे, खेळात न घेणे, आणि आता फोनवरून टवाळी करणे, हेही या व्याख्येत बसते.

समजुतींची परीक्षा

ओल्वेउस मूळचे स्वीडनचे. पुढे त्यांनी नॉर्वेतील बर्गेन येथे काम केले. १९७० च्या सुमारास त्यांनी स्टॉकहोम भागातील शाळांतल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तेव्हा लोकांत काही समजुती पक्क्या होत्या. वर्ग मोठा की दांडगाई जास्त. अभ्यासात मागे पडलेला मुलगा चिडून दांडगा होतो. चष्मा किंवा लठ्ठपणा यांमुळे मुलगा बळी ठरतो. दांडगा मुलगा वरून कठोर, पण आतून भित्रा असतो. या सर्व समजुती ऐकायला पटण्याजोग्या आहेत. परंतु माहिती तपासल्यावर त्यांतल्या एकीलाही आधार मिळाला नाही. दांडग्या मुलांना सर्वसाधारण मुलांपेक्षा अधिक भीती वा असुरक्षितता वाटत नव्हती.

मग आधार कशाला मिळाला? मुख्यतः चार गोष्टींना. लहानपणी सांभाळणाऱ्या माणसाकडून, विशेषतः आईकडून, माया न मिळणे. मुलाने इतरांवर हात उगारला तरी घरच्यांनी दुर्लक्ष करणे. शिस्तीच्या नावाखाली घरात मारझोड व आरडाओरड होणे. आणि चौथी म्हणजे मुलाचा मूळचा तापट स्वभाव. यांतील दुसरी आणि तिसरी गोष्ट शेजारी ठेवून पाहा. एका घरात मोकळीक जास्त, दुसऱ्यात मार जास्त. तरी धडा एकच मिळतो: ज्याच्या हाती बळ, त्याचे चालते.

लंडनची ४११ मुले

अशा अभ्यासात एक मोठा धोका असतो. तुरुंगातल्या माणसांना त्यांचे बालपण विचारले, तर "वडील मारत असत" असे पुष्कळ जण सांगतील. पण ज्यांना वडील मारत असत आणि जे तरीही सरळ जगले, ते तुम्हाला तुरुंगात भेटणारच नाहीत. म्हणून मागे वळून विचारण्यापेक्षा आधी नोंद करून वाट पाहणे ही अधिक भरवशाची पद्धत ठरते.

१९६१ मध्ये डोनाल्ड वेस्ट यांनी नेमके हेच केले. दक्षिण लंडनच्या एका कष्टकरी वस्तीतील आठ-नऊ वर्षांची ४११ मुले त्यांनी निवडली. पुढे डेव्हिड फॅरिंग्टन यांनी हे काम चालवले आणि मुले पन्नाशीला पोचेपर्यंत त्यांची माहिती गोळा होत राहिली. दहा वर्षांच्या आत नोंदलेल्या कोणत्या गोष्टी पुढील गुन्ह्यांशी निगडित निघाल्या? उतावीळ व धाडसी स्वभाव, शाळेत मागे पडणे, घरात कोणी आधी गुन्हा केलेला असणे, गरिबी, मोठे कुटुंब आणि मुलांकडे नीट लक्ष नसणे. आणखी एक गोष्ट दिसली. न्यायालयात शाबीत झालेल्या एकूण गुन्ह्यांपैकी निम्मे गुन्हे अवघ्या सुमारे सात टक्के लोकांनी केलेले होते.

इथे एखादा चौकस वाचक थांबेल. लंडनमध्ये गरिबी आणि अभ्यासातले अपयश यांचा गुन्ह्यांशी संबंध दिसला, तर स्वीडनमध्ये दांडगाईशी दिसला नाही, असे कसे? याचे एक कारण म्हणजे दांडगाई आणि गुन्हेगारी या नात्यातल्या असल्या तरी एकच गोष्ट नव्हेत. दुसरे असे की, एका देशात काढलेला निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून आपल्याकडच्या मुलांवर हे आकडे चिकटवताना सावध राहावे.

आकडा कसा वाचावा?

आता गुरुजींच्या भाकिताकडे वळू. ओल्वेउस यांनी सहावी ते नववीतल्या दांडग्या मुलग्यांचा चोविसाव्या वर्षापर्यंत माग घेतला. त्यांतील ३५ ते ४० टक्के जणांवर तीन किंवा अधिक गुन्हे शाबीत झाले होते. ज्यांचा दांडगाईशी संबंध नव्हता त्या मुलग्यांत हे प्रमाण १० टक्के होते. म्हणजे धोका जवळजवळ चौपट. तर मग गुरुजी बरोबर होते का?

एक सोपे गणित करू. समजा, एका शाळेत १०० मुलगे आहेत आणि त्यांपैकी १० दांडगे आहेत. ४० टक्क्यांनी त्या १० पैकी ४ जण पुढे वारंवार गुन्हे करतील, ६ करणार नाहीत. उरलेल्या ९० पैकी १० टक्क्यांनी ९ जण करतील. एकूण झाले १३. यांतील ९ जणांकडे गुरुजींचे लक्षही गेले नव्हते! आणि ज्या दहांना त्यांनी "गुंड" ठरवले, त्यांतल्या सहांच्या बाबतीत ते चुकले. चौपट धोका हे खरे, आणि "हा गुंडच होणार" हे खोटे; दोन्ही एकाच वेळी.

किरणोत्सर्गी पदार्थात आपण हेच पाहतो. रेडियमचे निम्मे अणू सुमारे १६०० वर्षांत विघटित होतील हे खात्रीने सांगता येते. हाच अणू केव्हा फुटेल, हे मात्र कोणालाही सांगता येत नाही. पण मुलात आणि अणूत दोन मोठे फरक आहेत. रेडियम तापवा, दाबा, त्याचा वेग बदलत नाही. मुलाची परिस्थिती बदलली तर त्याचा धोका बदलतो. शिवाय अणूला त्याचे भाकीत ऐकू येत नाही. मुलाला येते.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. त्याच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा दाखवल्या. थोड्या मुलांचे वागणे बालपणापासून बिघडलेले असते आणि ते दीर्घकाळ तसेच राहते. पुष्कळ मुलांचे मात्र किशोरवयातच बिघडते आणि मोठेपणी निवळते. चौदाव्या वर्षी दोघे सारखेच दिसतात. नुसत्या आजच्या खोडीवरून वाट ओळखता येत नाही.

भोवती उभे असलेले

आतापर्यंत आपण दांडग्या मुलाकडेच पाहिले. आता डब्याभोवती उभ्या असलेल्या मुलांकडे पाहू. कॅनडातील टोरांटो येथे संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून आणि मुलांच्या अंगावर छोटे ध्वनिग्राहक बसवून नोंदी केल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे ३०६ प्रसंग होते. ८८ टक्के प्रसंगी इतर मुले जवळ हजर होती. मध्ये कोणी पडले, ते फक्त १९ टक्के प्रसंगी. पण पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे ५७ टक्के वेळा, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद! दांडगाईला प्रेक्षक लागतात आणि प्रेक्षकातला एक जण जरी उठला तरी खेळ पडतो. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये या प्रेक्षकांच्या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या: हात देणारे, हसून चेव आणणारे, लांब राहणारे आणि पाठीशी उभे राहणारे. पुढे फिनलंडमध्ये या बघ्यांनाच शिकवणारा कार्यक्रम निघाला आणि २००९ पासून तो देशभर राबवला गेला. नॉर्वेत १९८२ साली छळाला कंटाळून तीन मुलांनी जीव दिल्यावर १९८३ मध्ये देशव्यापी मोहीम झाली. त्या वेळी बर्गेनच्या ४२ शाळांत दोन वर्षांत दांडगाई निम्म्यावर आली. इतरत्र इतके यश मिळाले नाही; अनेक देशांतील अशा कार्यक्रमांचा २००९ मध्ये एकत्र हिशेब केला तेव्हा दांडगाईत सुमारे २० ते २३ टक्के घट दिसली. ही घट थोडी नाही.

माझी स्वतःची भूमिका कोणती होती, हे मला ठाऊक आहे. आठवीत आमच्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळे. तो उत्तर द्यायला उठला की मागच्या बाकावरून त्याची नक्कल होई. नक्कल करणारा एकच होता. हसणारे आम्ही तीस-चाळीस. मी कधी नक्कल केली नाही, म्हणून स्वतःला चांगला समजत असे. दिवाळीनंतर त्या मुलाने उत्तरे देणेच सोडले. सरांना वाटले, याचा अभ्यास झालेला नसतो. त्याला उत्तर येत असे, हे माझ्या बाकावरून मला दिसत होते. मी ते सरांना सांगितले नाही.

करून पाहा

एक आठवडा मधल्या सुट्टीत निरीक्षण करा. कोणाचेही नाव लिहायचे नाही. फक्त तीन रकाने आखा: प्रसंगाच्या वेळी भोवती किती जण होते, कोणी मध्ये पडले का, आणि पडल्यावर काय झाले. निरीक्षण करता करता प्रसंग गंभीर झाला तर वही बंद करा आणि मदतीला जा किंवा शिक्षकांना बोलवा. मध्ये पडणे म्हणजे मारामारी करणे नव्हे. "पुरे झाले, दे त्याचा डबा" एवढे म्हणणे, त्रास होणाऱ्याला "चल, आपण जाऊ" म्हणून बरोबर नेणे, हेही पुरते. मोठ्यांना सांगणे ही चहाडी नाही. घरी किंवा शाळेत सांगण्यासारखे कोणी नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे.

शिक्षकांना एक विनंती. आठवड्याचे हे तक्ते वर्गात एकत्र करून फळ्यावर मांडावेत आणि महिन्याने पुन्हा तेच निरीक्षण करावे. एकेका मुलाचे भविष्य सांगण्याचे साधन अजून कोणाकडेही नाही. पण दुसऱ्या रकान्यातला आकडा वाढवणे आपल्या हाती आहे, आणि तो वाढला की नाही, हे मोजून पाहता येते.