मालवणची बोट ठरवण्याआधी तिथी बघा

कोल्हापूरकराला मालवण घरचंच वाटतं. शुक्रवारी रात्री ठरतं, शनिवारी पहाटे गाडी राधानगरी रोडला लागते, फोंडा घाट उतरून नऊ-साडेनऊला आपण किनाऱ्यावर. तिथे जो पहिला माणूस ‘किल्ला, स्कूबा, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, सगळं एका दिवसात’ म्हणेल, त्याच्या हातावर पैसे ठेवून मोकळे. समुद्र मात्र शनिवार-रविवार ओळखत नाही.

आमचा शनिवार नेमका पौर्णिमेचा होता. पॅकेजवाल्यानं क्रम स्वतःच्या सोयीनं लावला आणि भर अकराला आम्हाला देवबागच्या त्सुनामी आयलंडवर नेलं. बेट कसलं, कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा तो. भरतीला पाण्याखाली जातो. उतरलो तर मांडीभर पाणी. पोरं कडेवर, चपला हातात, आणि आईनं तर बोटीतून उतरायलाच नकार दिला. परतल्यावर चहाच्या टपरीवरचे आजोबा म्हणाले, “सुकतीक येवक व्हया होतात.” सुकती म्हणजे ओहोटी.

ओहोटीची वेळ काढायला कोणतं अ‍ॅप लागत नाही, घरातलं कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी आणि रात्री त्या सुमारास पूर्ण भरती, सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे दुपारी बाराला वाळू उघडी. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याचा चढउतार कमी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर सप्तमी ते दशमी गाठा.

पाण्याखालचं बघायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेही सकाळी. दुपारी वारा सुटला की पाणी गढूळतं, बोट डुलते. घाटाची वळणं, त्यावर वाटेत हाणलेली कटाची मिसळ आणि वर लाटा, याचा शेवट कुठे होतो ते सांगायला नको. हलकं खाऊन जा.

मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात दगडासारखं दिसतं ते जिवंत प्रवाळ असू शकतं. त्यावर पाय टेकू नका. व्हिडिओत मासे गोळा व्हावेत म्हणून काही जण पाव चुरून टाकतात. आपल्यापुरतं नको म्हणून सांगा, ऐकतात.

सिंधुदुर्गाला होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात. ती अपुरी आहे. १६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे, मधला थोडा काळ सोडला तर, १८१२ मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत कोल्हापूर राज्यात होता. म्हणजे एका अर्थी आपलाच, तरी आपण सेल्फी काढून परततो. शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यात उमटलेले हातापायाचे ठसे, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, आणि आत पिढ्यान् पिढ्या राहणारी घरं. जादा वेळ आधीच बोलून घ्या. मुक्काम करणार असाल तर आणखी एक तारीख बघा: मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची. ती दरवर्षी वेगळी ठरते. जत्रेला जायचं नसेल तर ते दिवस टाळा, खोली मिळणार नाही.

शेवटचं, पण यात तडजोड नको. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. बोटीत किती माणसं ते मोजा. जॅकेट नुसतं गळ्यात अडकवू नका, पट्टे आवळा, मुलांना त्यांच्याच मापाचं मागा. ते नसेल तर पैसे परत घ्या आणि किनाऱ्यावर बसून सोलकढी प्या. जून ते ऑगस्ट किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद असतात. त्या दिवसांत कुणी ‘गुपचूप नेतो’ म्हणालं, तर त्या बोटीत पाय ठेवू नका.