भीतीच्या भरात सौदा नको

चिखली,
अक्षय्य तृतीयेनंतरचा चौथा दिवस

चि. प्रमोदला अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. बसस्टँडवर कानावर आलं, की भेंडवळचं भाकीत मोबाइलवर वाचून तू दादाचं चार एकर विकायला काढलंस. खरं का रे?

भेंडवळची घटमांडणी मीही पाहिली आहे. शेतात गोल घट, कडेनं अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाचे चार महिने, अन् वर पाण्याची घागर. रात्री तिथं कोणी थांबत नाही. पहाटे कोणता दाणा सरकला, कोणतं ढेकूळ किती भिजलं, ते बघून पीकपाणी सांगतात. साडेतीनशे वर्षांची रीत म्हणतात. मी तिला हसत नाही. पण त्या घटात तुझा सातबारा कुणी मांडला नव्हता. तो तूच मांडलास, अन् एका रात्रीत मोडायला निघालास!

टेकाडावरच्या तुकड्यातली माझी विहीर तुला ठाऊक आहे. पाणाड्या म्हणाला, इथं पाणी नाही. मी घाबरलो. सहाव्या परसाला काम थांबवलं, तुकडा देऊन टाकला. घेणाऱ्यानं आणखी दीड परस खणलं. आज तिथं संत्र्याची बाग आहे. मी त्या रस्त्यानं जात नाही. महिन्याला शेगावची वारी करणारा मी! अकोलीच्या भास्कर पाटलाच्या कोरड्या विहिरीला गजानन महाराजांनी पाणी आणल्याची गोष्ट मला तोंडपाठ. पण विश्वास टाकायची वेळ आली, तेव्हा पाणाड्यावर टाकला.

आई कुठं म्हणायची, की महाराज पाऊस पाडतीलच? पीक बुडालं तरी ते आपल्याला टाकणार नाहीत, एवढंच तिचं म्हणणं. तेवढं धरून विचार कर, अन् तरीही विकावं वाटलं तर वीक. मी सही करीन. पण भीतीच्या भरात सौदा नको. इसार घेतलास का? घेतला असशील तरी सांग, रागावणार नाही.

आत्ता रागावलो खरा. दादा गेल्यापासून कर्ज किती उरलं, हे तुला कुणी विचारलंच नाही. मीही नाही. गुरुवारी शेगावला ये. दर्शन घेऊ, महाप्रसाद घेऊ, मग कागदपत्रं घेऊन बसू. मृगाच्या आत बियाण्याचं मी बघतो.

काकूनं कुरडया दिल्या आहेत. त्यांचं भाकीत काढत बसू नकोस, तळून खा.

तुझा काका