वणवा आणि जाळरेषा

फाल्गुनातल्या रात्री महाडहून पोलादपूरकडे एस.टी.ने निघालात, तर डोंगराच्या अंगावर विस्तवाची वाकडीतिकडी माळ सरकताना दिसते. दुरून ती शोभिवंत वाटते. पण तो असतो वणवा. उन्हाळ्यात खाली शेतात शेतकरी राब भाजतो. तिथेही विस्तवच, पण तो बांधाबाहेर जात नाही. एक विस्तव मोकाट, दुसरा माणसाळलेला. या दोघांत फरक कोणता?

काडीचा प्रयोग

शिक्षकांसमोर, पाण्याचे भांडे जवळ ठेवून हा प्रयोग करा. काडी पेटवून तिचे गूल खाली धरा. ज्योत भराभर वर चढेल; बोट भाजण्याआधी काडी पाण्यात टाका. दुसरी काडी पेटवून गूल वर धरा. ज्योत हळूहळू खाली येईल, कदाचित विझेलही.

कारण सोपे आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. ज्योतीच्या वरचा भाग पेटण्याआधीच तापून कोरडा होतो. खालचा थंडच राहतो. डोंगरउतारावर हेच घडते. ज्वाला वरच्या गवताजवळ येतात आणि अभिसरण व प्रारण या दोन्ही मार्गांनी त्याला तापवतात. ऑस्ट्रेलियातील वनशास्त्रज्ञ मॅकआर्थर यांच्या नियमानुसार चढ दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांच्या चढावर तो सपाटीच्या चौपट!

ओलाव्याचा लगाम

एक ग्रॅम वाळलेले गवत जळले की सुमारे ४,००० कॅलरी उष्णता निघते. गवतातले ३० अंशांचे एक ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करायला ७० + ५४० = ६१० कॅलरी लागतात. मग ओले गवत सहज का पेटत नाही? कारण निघालेली बहुतेक उष्णता गरम वायूंबरोबर वर निघून जाते. शेजारच्या काडीला तिचा थोडाच वाटा मिळतो. तो पाण्यातच खर्च झाला की आग अडखळते. म्हणून पहाटेच्या दवात आग मंद असते आणि दुपारी बेफाम होते. शिवाय दिवसा तापलेल्या उतारावरून वारा वर चढत असतो.

शेतकऱ्याचे शास्त्र

राबासाठी शेण, फांद्या आणि पालापाचोळा यांचे थर रचून वर मातीचा पातळ थर देतात. मातीमुळे हवा बेताची मिळते. वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून राब पेटवण्याची रीत आहे. त्यामुळे आग वाऱ्याच्या विरुद्ध, सावकाश सरकते. हवा, इंधन आणि दिशा, तिन्ही हातात ठेवली की विस्तव माणसाळतो.

वनखात्याची जाळरेषा याच तत्त्वावर आहे. कडक उन्हाळ्याआधी एका पट्ट्याच्या दोन्ही कडांचे गवत काढून टाकतात आणि मधले गवत माणसे उभी ठेवून जाळतात. उतारावर असा पट्टा वरच्या कडेने पेटवावा, म्हणजे आग खाली, धीम्या गतीने येते. पुढे वणवा आला, तर त्या काळ्या पट्ट्यात त्याला जाळायला काही उरत नाही.

मग सगळा डोंगरच जाळला तर?

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात ‘फाइनबॉस’ नावाचे झुडपांचे रान आहे. तिथल्या प्रोटियाच्या काही जातींचे बी बोंडात बंद असते आणि आगीनंतरच मोकळे होते. म्हणून तिथे काही वर्षांच्या अंतराने रान मुद्दाम जाळतात.

आपली कारवी तशी नाही. घराच्या कुडाला लागणारी ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. तिची वाळलेली फळे उन्हाळाभर झाडावरच राहतात. पावसाच्या ओलाव्याने ती फुटून बी उडते. नेमक्या त्या उन्हाळ्यात वणवा आला, तर साऱ्या वर्षांची ठेव एका रात्रीत जाते.

‘डोंगर जाळला की गवत चांगले येते’ असे म्हणतात. राखेने कोवळे गवत फुटते हे खरे; पण पाचोळ्यातला बराचसा नायट्रोजन वायुरूपाने उडून जातो आणि उघड्या उतारावरची राख व माती पहिल्याच जोरदार पावसात सावित्रीच्या वाटेला लागते. म्हणून आपल्याकडे विस्तवाची जागा रेषेपुरतीच; सारा डोंगर त्याच्या हवाली करायचा नाही.

जाळरेषा हे जाणत्यांचे काम आहे. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. तुम्ही मात्र शेताची राबणी पाहा, आणि वणवा दिसताच मोठ्या माणसांना सांगा.

विचार करा

१. ३० अंशांच्या चढावर आगीचा वेग सपाटीच्या किती पट होईल?
२. त्याच वजनाचा ओंडका गवताइतक्या लवकर का पेटत नाही?