प्रीडेटरचा करडा कसा ठरवावा

प्रीडेटरचं माझं पहिलं मॉडेल रात्री ट्यूबलाइटखाली अगदी झकास दिसत होतं. सकाळी खिडकीपाशी नेलं, तर ते न्हाणीघरातल्या फरशीसारखं निळं! किटमधल्या कागदावर छापलेला रंग बाटलीतून काढून थेट मारला होता आणि दिवसाच्या उजेडात एकदाही पाहिला नव्हता. त्या फजितीनंतर हळूहळू जी पद्धत बसत गेली, ती इथे देतो. उदाहरण प्रीडेटरचंच घेतो, कारण हा ड्रोन जवळजवळ अख्खा एकाच करड्या रंगात असतो. छद्मावरणाची नक्षी नाही, कॉकपिटची काच नाही, आत वैमानिक नाही. रंग चुकला की नजर दुसरीकडे वळवायला काहीच उरत नाही.

साहित्य: १/७२ प्रमाणाचं किट. खऱ्या प्रीडेटरचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे १४.८ मीटर आणि लांबी ८.२ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण २०६ मिलिमीटर रुंद आणि ११४ मिलिमीटर लांब होतं. तीन करडे रंग, त्यांच्याच मालिकेतले पांढरा, काळा आणि तपकिरी, त्यांचा थिनर, प्रायमर, मॅट वार्निश, एअरब्रश. वाढदिवसाला उरतात तसले पांढरे प्लास्टिकचे चमचे डझनभर. एक वही. जमलं तर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सोनारी काटा. आणि करड्या पुठ्ठ्याचा एक तुकडा, त्यात पंचनं जवळजवळ पाडलेली दोन भोकं.

रंगाच्या बाटलीला हात लावण्याआधी कोणता प्रीडेटर आणि कधीचा, हे ठरवा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग ‘प्रीडेटरचा खरा रंग कोणता’ यावर रात्र रात्र वाद घालतात. जनरल अॅटॉमिक्सचा हा ड्रोन १९९४ मध्ये पहिल्यांदा उडाला, १९९५ मध्ये बाल्कनमध्ये टेहळणीला गेला. तेव्हा तो आरक्यू-१ होता. क्षेपणास्त्रं लागल्यावर २००२ मध्ये त्याचं नाव एमक्यू-१ झालं आणि २०१८ मध्ये अमेरिकन हवाई दलानं तो निवृत्त केला. एवढ्या वर्षांत विमानं पुन्हा रंगवली गेली, भाग बदलले, उन्हानं विटली. तेव्हा ‘प्रीडेटर’ रंगवू नका, एक विशिष्ट विमान रंगवा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहातला ३०३४ क्रमांकाचा प्रीडेटर हे सोयीचं उदाहरण. ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानात उडालेल्या या विमानाचे फोटो भरपूर मिळतात. संग्रहालयातलं विमान पाहताना मात्र एक सावधगिरी: तिथे ते साफसूफ झालेलं असतं, कधी नव्यानं रंगवलेलंही, आणि वर दिवे पिवळे. कामावर असतानाचे फोटो जास्त भरवशाचे.

फोटो गोळा करताना शेपटी नीट बघा. प्रीडेटरची दोन शेपटं उलट्या व्हीसारखी खाली झुकलेली असतात, रीपर या दुसऱ्या ड्रोनची वर उभारलेली. ‘प्रीडेटर’ म्हणून फिरणारे कितीतरी फोटो रीपरचे निघतात. शेपटीवरची अक्षरंही काळ सांगतात. ‘डब्ल्यूए’ असेल तर ते विमान नेलिस हवाई तळाच्या छत्राखालचं. ‘सीएच’ म्हणजे क्रीच तळ, आणि त्या तळाला क्रीच हे नावच २००५ मध्ये मिळालं, त्याआधी तो इंडियन स्प्रिंग्ज होता. अमेरिकन संरक्षण खात्याच्या अधिकृत फोटोंखाली बहुधा तारीख आणि ठिकाण असतं. तसे फोटो वेगळे ठेवा. बिनतारखेचा फोटो कितीही देखणा असला तरी रंगाच्या बाबतीत त्याचा शब्द खरा मानू नका.

फोटोतला रंग तसाच्या तसा घेता येत नाही. वाळवंटात संध्याकाळी काढलेल्या फोटोत करडा रंग पिवळा होतो, ढगाळ दिवशी निळा. पण त्याच फोटोत ज्याचा रंग आपल्याला ठाऊक आहे अशी वस्तू असेल, तर मोजपट्टी मिळाली. शेजारी एफ/ए-१८ लढाऊ विमान उभं असेल तर सोनंच: त्याच्या नेहमीच्या रंगसंगतीत वरचा करडा ३६३२० आणि खालचा ३६३७५. मग प्रश्न सोपा होतो. ड्रोन त्या पोटापेक्षा उजळ आहे की गडद, जास्त निळा आहे की कमी? दुसरी मोजपट्टी ड्रोनवरच असते. क्रमांक आणि तारा गडद करड्या रंगात छापलेले असतात, आणि उजेड कसाही असो, अंग आणि अक्षरं यांच्यातला फरक फारसा बदलत नाही. मॉडेलवर डेकल, म्हणजे छापील चिन्हं, लावल्यावर अक्षरं फोटोपेक्षा उठून दिसत असतील, तर अंगाचा रंग उजळ झालाय असं समजा.

आता हे आकडे. अमेरिकेची फेडरल स्टँडर्ड ५९५ ही रंगांची यादी १९५६ पासूनची. २०१७ मध्ये तिची जागा एएमएस-एसटीडी-५९५ नं घेतली, तरी मॉडेलवाल्यांच्या तोंडी अजून ‘एफएस’च आहे. ३६३७५ मधला पहिला आकडा ३ म्हणजे मॅट (१ चकचकीत, २ मधलं), दुसरा ६ म्हणजे करड्यांचं घराणं, आणि उरलेले तीन उजळपणाचा अंदाज देतात, मोठा आकडा उजळ. म्हणून ३६३२० हा ३६३७५ पेक्षा गडद. आणि १६३७५ दिसलं तर तो वेगळा रंग नव्हे, तोच रंग चकचकीत. एवढं कळलं की बाटलीवरच्या ‘लाइट ग्रे’सारख्या नावांकडे बघायचं कारण उरत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा ‘लाइट ग्रे’ वेगळा असतो.

सुरुवातीला ३६३७५ धरा. त्याचं इंग्रजी नाव लाइट घोस्ट ग्रे, म्हणजे फिकट भुताटकी करडा! आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे: पारवा. कबुतराच्या अंगावरचा पारवा दुधात कालवला की साधारण हाच रंग. मिस्टर कलर या रंगमालिकेत तो सी-३०८, तामियाच्या फवारा डब्यांत एएस-२६. पण एकच बाटली आणून थांबू नका. दोन्ही बाजूंना कुंपण घाला: गडद बाजूला ३६३२० (सी-३०७), उजळ बाजूला ३६४९५ (सी-३३८). आपला रंग या तिघांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि कुठे बसतो ते चमचे सांगतात.

चमच्यांवर प्रायमर तोच मारा, जो मॉडेलवर मारणार आहात. फिकट करड्याखाली प्रायमर पांढरा की करडा यानं रंग सरळ बदलतो, विशेषतः रंगाचे हात पातळ असतील तेव्हा. चमच्याच्या बाहेरच्या फुगीर बाजूवर तिन्ही करड्यांचे पुरेसे हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक असतो, घाईत ठरवलेला रंग हमखास फसतो. दांड्यावर मार्करनं आकडा लिहून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिन्ही चमचे जुळी भावंडं वाटतात.

कोकणात किंवा मुंबईत हे पावसाळ्यात करत असाल तर लॅकर रंगांशी जपून. हवेतला ओलावा फवाऱ्यात मिसळतो आणि रंगावर पांढुरकं धुकं बसतं. मग वाटतं, रंगच उजळ आहे. रिटार्डर असलेला थिनर वापरला, म्हणजे जरा सावकाश वाळणारा, तर हे कमी होतं. नाहीतर कोरड्या दिवसाची वाट बघावी. लॅकरचा वास उग्र असतो, मास्क आणि उघडी खिडकी पावसातही लागतेच.

वाळलेले चमचे दुपारी खिडकीपाशी न्या, थेट ऊन नको. उत्तरेकडची खिडकी सर्वात चांगली. मग तेच घरातल्या एलईडीखाली बघा. दोन करडे दिवसा जुळे दिसतात आणि दिव्याखाली भांडतात, असं वारंवार होतं, कारण त्यांतलं रंगद्रव्यांचं मिश्रण वेगळं असतं. मॉडेल शेवटी ज्या कपाटात राहणार, तिथला उजेडही या परीक्षेत असू द्या. आता तो दोन भोकांचा पुठ्ठा: एका भोकाखाली चमचा, दुसऱ्याखाली ज्याच्याशी जुळवायचं तो, दिवसाच्या उजेडात तपासलेला संदर्भरंग. आजूबाजूचं सगळं झाकलं गेलं की डोळ्याला फक्त दोन ठिपके दिसतात, तुलना खरी होते. उजळपणा कळत नसेल तर मोबाइलनं चमचा आणि संदर्भरंग यांचा एकच फोटो काढून तो कृष्णधवल करा. उजळ-गडद आधी जुळवा, झाक नंतर. उलट क्रमानं गेलात तर दिवसभर थेंब मोजत बसाल.

मिसळताना झाकेची एक गंमत: नुसता काळा आणि पांढरा मिसळला तरी करडा किंचित निळसरच येतो. आपल्या पारव्याला थोडी निळाई चालते, पण फार झाली तर तपकिरीचा एक थेंब ती खाली आणतो. थेंब बाटलीप्रमाणे लहानमोठे पडतात, म्हणून मी काट्यावर मोजतो आणि वहीत लिहितो. न लिहिलेलं मिश्रण पंख रंगवताना मधेच संपलं, की दुसऱ्या पंखाचा रंग वेगळा होतो. मला अनुभव आहे.

मग प्रमाणाचा प्रश्न. १/७२ मॉडेल फूटभर अंतरावरून, तीसेक सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरं विमान साडेएकवीस मीटरवरून पाहणं. एवढ्या अंतरावर हवा रंग फिका करते. म्हणून मॉडेलवाल्यांत १/७२ साठी १५ टक्के पांढरा मिसळण्याचा ठोकताळा आहे. गडद हिरव्याला तो शोभतो. आधीच फिकट असलेल्या करड्याला १५ टक्के पांढरा म्हणजे लग्नाचा मांडव. मी पाचापुढे जात नाही, आणि तेही वरच्या बाजूला. पोटाला शुद्ध रंग राहू दिला की आकारही उठून दिसतो.

निवडलेल्या चमच्यावर मॅट वार्निश मारूनच शेवटचा निर्णय घ्या. चकचकीत थर रंग गडद दाखवतो, मॅट फिकट आणि किंचित धुरकट. डेकल आधी चकचकीत थरावर लावायचे असल्यानं मधे काही दिवस मॉडेल गडद दिसेल, तेव्हा घाबरून रंग बदलायला जाऊ नका.

झिजलेला रंग दाखवायचा मोह होतो. प्रीडेटरचं अंग मुख्यतः कार्बन फायबर आणि इतर संमिश्रांचं, त्यामुळे लढाऊ विमानांवर मारतात तसे चंदेरी ओरखडे इथे खोटे. धातू दिसला तर पंखाच्या पुढच्या कडेला, तिथे टायटॅनियम असतं. बाकी मागच्या इंजिनाजवळ थोडं मळकट, पंख्याच्या रेषेत, तेलाचा एक पुसट हात पुरे.

आता राहिले छोटे भाग. नाकाखालचा कॅमेऱ्यांचा गोळा अंगाच्या रंगातच मारून मोकळे होऊ नका, निवडलेल्या फोटोत तो किती वेगळा दिसतो ते बघा. त्याच्या काचांना काळ्यावर स्वच्छ चकचकीत वार्निश द्या. पंखाखाली दोन हेलफायर क्षेपणास्त्रं असतील तर त्यांचे पट्टे अर्थाचे असतात: पिवळा पट्टा म्हणजे स्फोटक असलेलं, तपकिरी म्हणजे रॉकेट मोटर, निळा म्हणजे सरावाचं. आपण निवडलेल्या तारखेला विमान मोहिमेवर होतं तर निळा पट्टा लावू नका. १/७२ मध्ये क्षेपणास्त्र जेमतेम साडेबावीस मिलिमीटर लांब आणि अडीच जाड होतं, ब्रश चालवायला जागा नाही. डेकलच्या कोऱ्या कागदावर रंग मारून, धारदार पात्यानं बारीक पट्टी कापून ती गुंडाळा.

उरलेलं मिश्रण छोट्या बाटलीत भरा, झाकणावर चमच्याचा क्रमांक लिहा. चाक बसवताना ओरखडा पडतोच.